अभंगामागे एक चमचा

सुमनआत्या गेल्याचा निरोप मला मानोऱ्याच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरनं दिला. रिठदला ती नर्स होती. अर्ध्या तालुक्याला तिनंच सुया टोचलेल्या, त्यामुळे निरोप पोचायला वेळ लागला नाही.

आत्या आठवली की मला किसनपाटलांचं मरण आठवतं... ते झालंच नाही, ही गोष्ट वेगळी! बहात्तरच्या दुष्काळात विहिरी गाळावर आल्या आणि पाटलांना हगवण लागली. घरच्यांनी त्यांना खाली घेतलं, उशाशी तुळस ठेवली, भजनी मंडळ बोलावलं. पाटलांनीही मरायचं मनावरच घेतलं होतं. औषध नको, पाणी नको, फक्त तीर्थ. तेवढ्यात आत्या साखरमिठाचं पाणी घेऊन पोचली. आमचं घर बौद्ध, आणि पाटील आमच्या हातचं पाणी पीत नसत. आत्यानं तांब्यात तुळशीचं पान टाकलं आणि टाळकऱ्यांना बजावलं, "येक अभंग झाला का येक चमचा तीर्थ. तुमी थांबले तं पाटील गेले समजा!"

मंडळी जीव तोडून गाऊ लागली. पाटील डोळे मिटूनच पुटपुटले, "तीर्थ खारट काहून लागून राह्यलं?"

"गंगा समुद्राले मिळते न पाटील, तिथलं हाय," आत्या म्हणाली.

हळूहळू तहान अशी जागी झाली, की बुवांनी आलाप लांबवताच पाटील खेकसले, "आटप ना बे! आलाप कायले घेतं?" रडणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

नंतर मी आत्याला छेडलं, "तू तर देव मानत नाहीस, मग तीर्थ कसं चालतं?"

"दुखण्यात माणसाले आपला धरम शिकवाचा नस्ते बापू," ती म्हणाली. "तो ज्याले धरून उभा राह्यते, तेच त्याच्या हाती द्याचं."

पाटील खडखडीत बरे झाले. पण "ते तीर्थ होतं, पाणी नव्हे," असं गावभर सांगत राहिले. आत्या त्यावर खूप हसायची. एकदा मात्र न हसता म्हणाली, "माह्या हातचं पाणी मनून काई तो पेला नाई..."

तिच्या पुण्यानुमोदनाला पाटील काठी टेकत आमच्या ओट्यावर आले आणि त्यांनी आईकडे पाणी मागितलं. सगळ्यांदेखत गटागटा प्यायले, पुन्हा पेला पुढे केला. लोक गहिवरले. मला मात्र पाटलांचा असा राग आला... महिनाभर आधी आले असते, तर आत्यानंच दिलं असतं.