अडलेला कौल

त्या सुट्टीत मी देवावर रागावूनच रत्नागिरीला आलो होतो. खरं तर सगळ्यांवरच. नौदलाच्या जहाजावर मी गॅस टर्बाइन इंजिनांचा तंत्रज्ञ आहे. आमच्या घरात कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, वर्दी मिळवली आणि बारा वर्षं एकही वाईट शेरा न घेता काढली. आता नट फिरवायच्या पान्याच्या बोटभर सॉकेटपायी माझी चौकशी लागली होती.

इंजिनात हवा शिरते त्या बोगद्यात उतरून मी आणि माझा जोडीदार हरीश यांनी पाती तपासली होती. अशा कामानंतर झाकण लावण्याआधी हत्यारं यादीप्रमाणे मोजायची आणि सही करायची, हा आमचा पहिला नियम. मोजणी माझ्याकडे होती. इंजिन सुरू झालं आणि आतून किंचाळल्यासारखा आवाज आला. कुणाला इजा झाली नाही, पण पाती फुटली, आणि आत आमचंच सॉकेट सापडलं. मी जबाब दिला, "मी मोजली तेव्हा हत्यारं पुरी होती. नंतर हरीश तेलाचा डाग पुसायला पुन्हा आत गेला होता." आपण फक्त फडकं नेलं होतं, असं हरीश सांगत होता. त्याचे फोन मी उचलत नव्हतो. सुट्टीवरून परतलो की जबाब कायम व्हायचा होता आणि आमच्यापैकी एकाची नोकरी बहुतेक जायची होती.

घरात पाऊल टाकलं तशी आई म्हणाली, "उद्या देवळात कौल लावूया."

मी भडकलो. "तुझ्या देवाला टर्बाइनमधलं काय कळतं?"

"त्याला नसेल कळत. तुला कळतं ना? मग समजावून सांग त्याला."

ग्रामदेवतेच्या देवळात गुरवकाका मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काकांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा महाराजा, हे तुझं लेकरू बोटीवर नोकरीला. चूक दुसऱ्याची, आळ ह्याच्यावर. ह्याची नोकरी राखशील काय?"

"होय महाराजा!" मागचे सगळे म्हणाले.

कळी हलली नाही. तीनदा गाऱ्हाणं झालं, अर्धा तास गेला. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "काहीतरी सांगायचं राहिलंय."

माझं डोकं आधीच तापलं होतं. आमच्यामागे गुहागरच्या एक आजी आपल्या कौलासाठी खोळंबल्या होत्या. त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या करवादल्या, "मेल्या, पोटात काय ठेवलंस ता ओक एकदाचा! माझी एसटी चुकल."

लोक हसले. मी मात्र आजींवर नाही, थेट मूर्तीवर ओरडलो. "काय हवंय तुला? नाही मोजली मी! एकही हत्यार मोजलं नाही! आत उकडत होतं, बाहेर पडायची घाई होती, म्हणून नुसती सही ठोकली. झालं समाधान?"

आईनं पदर तोंडाला लावला. मग आजीच हळू आवाजात म्हणाल्या, "हां. आता घाला गाऱ्हाणं."

काकांनी पुन्हा कळ्या लावल्या. खरं सांगायला ह्याला बळ देशील काय, एवढंच त्यांनी या वेळी विचारलं. उजवी पडली म्हणे. ते आईनं पाहिलं, मी नाही. मी पायरीवर येऊन साहेबांना फोन लावत होतो, आणि मग हरीशला. हरीशनं मनसोक्त शिव्या दिल्या. मी सगळ्या ऐकल्या.

माझी नोकरी राहिली, बढती गेली. कनिष्ठांसमोर उभं करून मला सुनावलं गेलं, ते आजही आठवलं की कानशिलं तापतात. हरीशवरचा ठपका पुसला गेला, तरी तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. तो त्याचा हक्क आहे.

शरण जायचं म्हणजे मन शांत करून, डोळे मिटून हात जोडायचे, अशी माझी समजूत होती. मला त्या दिवशी हातही जोडता आले नाहीत. मी शिव्याशाप घेऊन गेलो, अरेतुरे केलं, आणि तेच देवानं नैवेद्यासारखं घेतलं. माझं खोटं त्यानं पुढे सरकू दिलं नाही, याहून मोठी कृपा मला मागताही आली नसती.