ताईबाईचा फाटका मांडा

चुलीवरचं पालथं खापर तापलं की ताईबाईशी कुणी बोलायचं नाही, हे अख्ख्या अमळनेरला ठाऊक होतं. पुरण भरलेला कणकेचा गोळा ती दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायची आणि तो तलम मांडा अलगद खापरावर टाकायची. एकाही भोकाची पडायची टाप नव्हती. लग्नकार्यात शेजारच्या चुलीवर धुळ्याची यमुनाअक्का बसलेली असली, तर मग विचारूच नका. चाळीस वर्षं दोघी एकमेकींचे मांडे तिरक्या डोळ्यांनी तपासत आल्या होत्या, पण ‘छान’ हा शब्द एकीच्याही तोंडून फुटला नव्हता.

आणि अशा बाईचा मांडा फाटला तो नेमका सून सारिका मोबाइलवर शूटिंग करत असताना! अर्धा खापरावर पडला, अर्धा उडून ताईबाईच्याच डोक्यावर पदरासारखा बसला. त्याखालून ती कडाडली, “बंद कर ते डबडं! मन्ही अब्रू गई!”

सारिकेने हसून हसून बेजार होत ते रील इंटरनेटवर टाकलं. मग काय, ते सुटलंच. कुणी त्याला ढोल लावले, कुणी ब्राझीलमध्ये त्यावर नाचलं. कोरियातला एक गोरागोमटा पोरगा डोक्यावर चादर घेऊन “मन्ही अब्रू गई” म्हणायला लागला. कहर केला तो तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या एका चष्मेवाल्याने. एवढी मोठी पोळी माणसाच्या हातावर राहूच शकत नाही, हा व्हिडिओ एआयने बनवलाय, असं त्याने ठासून सांगितलं. पुरावा म्हणून फाटल्या जागेभोवती लाल गोल काढला आणि ती जागा मोठी करकरून दाखवली.

“खोटी म्हन, भूत म्हन,” ताईबाई तळमळली, “पन मुडदा फाटनं तठेच गोल काढस!”

तिला एकच घोर लागला. अक्काने हे पाहिलं असेल का?

तेवढ्यात धुळ्याहून प्रेमराजभाऊंचा फोन आला. “मावशी, आमच्या लेकीच्या, दीपमालाच्या लग्नाला तुम्हीच हव्यात. तो व्हिडिओवाला मांडा झालाच पाहिजे!” ताईबाईला तो टोमणा वाटला, तरी ती गेली. नाव धुवून काढायची हीच संधी होती.

मांडवामागे दोन चुली पेटल्या. एकीवर ताईबाई, दुसरीवर यमुनाअक्का. भोवती ही गर्दी, सगळ्यांचे मोबाइल वर. ताईबाईने जीव ओतून पहिला मांडा टाकला. निर्दोष! दोघातिघांनी मोबाइल खाली घेतले. दुसरा त्याहून सरस. मागून कुणीतरी निराशेने “अरेरे” केलं. हळदीच्या अंगाने नवरी धावत आली. “मावशी, एक तरी फाड ना गं!”

ताईबाईचा संताप मस्तकात गेला. ती काही बोलणार तोच शेजारून शिट्ट्या आल्या. पाहते तर काय, यमुनाअक्काने आपला मांडा मुद्दाम फाडून डोक्यावर घेतला होता आणि ती नव्या नवरीसारखी लाजत होती! सगळे मोबाइल तिकडे वळले.

“हाई काय फाडनं शे?” ताईबाई गरजली. “फाडाले बी हात लागस!”

तिने खापरावरचा भाजलेला भला थोरला मांडा उचलून झुलवला, हवेत उडवला आणि त्याचे टर्रकन दोन तुकडे केले. एक तुकडा व्याह्यांच्या फेट्यावर, दुसरा अक्काच्या खांद्यावर. मांडवात असा गलका उठला की बँडवाले वाजवायचे थांबले. ताईबाई पोट धरून हसत सुटली. इतकी ती आपल्या लग्नातही हसली नव्हती.

अक्काने खांद्यावरचा तुकडा तोंडात टाकला. चावता चावता ती थांबली.

“पुरन मातर तुन्हंच भारी शे, ताईबाई.”

ताईबाईचं हसू जागीच विरलं. “मंग इतला वरीस का बरं सांगं नही वं?”

“तू कव्हय इचारं?” अक्का म्हणाली आणि दुसऱ्या घासासाठी तिने हात पुढे केला.