अंगठाभर स्वराज्य

"इथं नको सोडू. घरी जाऊन सोड."

मेथीची जुडी हातात ठेवताना मावशी हे म्हणायच्याच, मग गिऱ्हाईक कलेक्टर असो की पाकीटमार. नाशिकरोडच्या बाजारगल्लीत शाळेच्या भिंतीला पाठ लावून त्या बसायच्या. जागा एवढीशी, की मांजर आडवं झालं तर शेपूट रस्त्यावर. आवाज मात्र सिन्नरपर्यंत जायचा. वारा सरळ असला तर इगतपुरीच्या घाटातलं इंजिन शिट्टी द्यायला लाजायचं. मी खोटं सांगत नाही. फार तर वाढवून सांगत असेन.

मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला, अंगावर तिथलाच गणवेश. नव्वदच्या सुमारास पहिल्यांदा त्यांच्याकडून जुडी घेतली आणि आतली पानं बघायला तिथंच सुतळी ओढली. फाटकन हातावर चापट!

"लाईटवाल्या, घरी जाऊन सोड म्हनलं ना!"

"आत पिवळी पानं भरलीत का, मावशी?"

"आत काय हाय ते विचारायचं नसतं. बेचाळीस सालापासून नसतं."

बेचाळीसच्या चळवळीत मावशी दहा वर्षांच्या होत्या. बाप मळ्यातून भाजीची टोपली डोक्यावर द्यायचा आणि एखाद्या जुडीच्या पोटात घडी घातलेलं पत्रक. ती जुडी गावात ठरलेल्या घरी पोचवायची.

"मला वाचता येत नव्हतं, म्हनून तर मला द्यायचे. पकडलं तरी सांगनार काय मी?"

"पण त्यात लिहिलेलं काय असायचं?"

"बापाला विचारलं ना मी. म्हनला, लोक शेतसाऱ्यावरून कुरकुरतात, मिठावरून कुरकुरतात, पन ज्याची त्याची कुरकुर ज्याच्या त्याच्या चुलीपाशी. शेजारीबी तेच कुरकुरतोय एवढं कळलं, की गोऱ्याचं आवरलं. तेवढंच लिवलंय त्यात."

इतिहासाची जाड जाड पुस्तकं मी उशाला घेतलेली आहेत. याच्यापलीकडे त्यांतही फारसं काही सापडलं नाही.

गावाच्या वाटेवरच्या पुलावर इंग्रज सरकारचा एक शिपाई उभा असायचा. तो रोज टोपलीतली एक जुडी फुकट उचलायचा. एक दिवस त्यानं नेमकी पोटुशी जुडी उचलली. मावशी घरी येऊन तापानं फणफणल्या. दुसऱ्या दिवशी शिपाई टोपलीवर वाकला आणि हळूच म्हणाला, "पोरी, घट्ट बांध. कागद दिसतो."

"त्या दिशी बाप आळीभर गूळ वाटत सुटला. म्हनला, शिपाईच आपला झाला, आता राहिलं काय!"

दर वेळी सांगताना त्या शिपायाच्या मिशा वाढायच्या. शेवटी शेवटी त्यानं त्या कानावरून गुंडाळून घेतल्या होत्या. आमचं जमलं ते यामुळंच.

दोन हजार साल उलटलं आणि रस्ता रुंद करायचं निघालं. महापालिकेचा एक तरुण साहेब जागा सोडायच्या नोटिसा वाटत आला. गल्लीत कुरकुर झाली, ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या टोपलीपाशी. मावशींनी हातातली जुडी अर्धवट बांधून खाली ठेवली.

"ही जागा गेली की मी घरात बसनार, लाईटवाल्या. आन घरात बसलेली म्हातारी म्हंजे वाळलेली मेथी."

नोटीस त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतली, बारीक घडी घातली आणि एक जुडी नव्यानं बांधली, घट्ट. निघालेल्या साहेबाच्या हातात ती कोंबली. "उन्हाचं आलात. घ्या. पन घरी जाऊन सोडा." साहेब बावळट नव्हता, पण मेथी फार ताजी होती.

मग मावशी उठल्या. चाळीस वर्षांत धंद्याच्या वेळी त्या उठलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. टोपलीटोपलीपाशी जाऊन एकच प्रश्न: "मी उद्या उठनार नाय. तू?"

दुसऱ्या दिवशी साहेबासकट अतिक्रमण हटाव पथकाची गाडी आली तर अख्खी गल्ली मांडी घालून बसलेली. जन्मभर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या दोघी कोथिंबीरवाल्या एका पोत्यावर! मला विचाराल तर दहा हजार माणूस होतं. मोजलं असतं तर सत्तर-ऐंशी भरलं असतं.

"सायेब, जुडी सोडली का?" मावशींनी विचारलं.

"बायकोनं सोडली."

"मंग?"

"नोटीस वाचली तिनं." साहेबानं कपाळ पुसलं. "तिची आई पंचवटीत फुलं विकते, मावशी. काल घरात भाजी झालीच नाही."

गाडीतली माणसं हसायला लागली. साहेबानं फक्की मागवली आणि मैदानावर आखतात तशी पांढरी रेषा भिंतीकडेनं ओढून दिली. "आत बसा. बाहेर आलात तर माझाही इलाज नाही."

गल्लीनं असा गलका केला की पळसाच्या पानांवरचे कांदे गडगडले. मावशींनी भिंतीला पाठ टेकली आणि उजव्या पायाचा अंगठा तेवढा रेषेबाहेर काढला.

"मावशी, अहो, जिंकलो ना आपण?"

"म्हनूनच. स्वराज्य मिळालं तरी अंगठाभर बाहेर ठेवावं. सायेब बदलत्यात."

तीन-चार वर्षांनी मावशी गेल्या. वितीवितीसाठी भांडणाऱ्या त्या गल्लीत त्यांची जागा तेरा दिवस मोकळी राहिली. ना टोपली, ना मांजर. चौदाव्या दिवशी सून येऊन बसली. मी जुडी घेतली आणि तंद्रीत सुतळी ओढली.

"घरी जाऊन!" अख्खी गल्ली ओरडली.

मी खाली पाहिलं. फक्कीची रेषा कधीच पुसली गेली होती. ती नेमकी कुठून जायची, ते मला सुनेच्या अंगठ्यावरून कळलं.