जमादारांची गिनती

जमादारांनी माणसं मोजली की आमच्या पाठी सुजत. विमानतळ असो, हॉटेल असो की बसचं दार, ते एकेकाच्या पाठीत गुद्दा घालत आणि मोठ्यानं आकडा म्हणत. याला ते 'गिनती' म्हणायचे. ज्याला गुद्दा बसला नाही तो हजर नाही. माझा आकडा बहुतेक वेळा शेवटचा, तेविसावा. तोवर त्यांचा हात चांगला तापलेला असायचा.

पाथरीत त्यांचं बी-बियाणाचं आणि खताचं दुकान होतं. आजा निजामाच्या पोलिसात जमादार, म्हणून घराण्याला ते नाव चिकटलेलं. तोंडावर आम्ही त्यांना नाना म्हणायचो. माझं कृषी केंद्र झरीला. बियाण्याच्या कंपन्या माल उठवणाऱ्या दुकानदारांना परदेशी फिरायला नेतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईसुद्धा धड न पाहिलेली आमच्यासारखी माणसं मग एकदम दुबईत उतरतात. तिकिटं कंपनी द्यायची. आम्हाला धडधाकट परत आणायचं काम मात्र जमादारांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. ते त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी बॅगा घेऊन पाथरीच्या दुकानात हजर व्हायचं. जमादार प्रत्येक बॅग फरशीवर उपडी करत. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या कागदाच्या पुडीत सुट्या बांधलेल्या दिसल्या की ती पुडी मालकाच्या तोंडावर बसे. "पाकिटासकट आन. डाक्टरची चिठ्ठी लावून आन. तिथल्या पोलिसाला काय सांगशील, फुटाणे हायेत म्हणून?" साठीच्या माणसालाही ते सोडत नसत.

दुबईच्या वेळी माझ्या आईनं डबाभर अनारसे दिले होते. वाटेत सगळ्यांना वाट म्हणाली होती. जमादारांनी डबा उघडला, एक अनारसा उचलून डोळ्यांजवळ नेला.

"ह्याच्यावर काय हाय?"

"खसखस. अनारशावर दुसरं काय असतं, नाना?"

डबा भिंतीवर आदळला. अनारसे फरशीवर पसरले तसे ते बुटांनी त्यांच्यावर नाचले, अगदी भुगा होईपर्यंत. "तिथं खसखशीला अफूत धरतेत! आईच्या अनारशापायी जेलात कुजायचंय का तुला?" मग माझी बॅग त्यांनी स्वतः झटकली. शिवणीत अडकलेला दाणासुद्धा नखानं काढला. ते म्हणाले ते खरं होतं, हे मला दुबईत गेल्यावर कळलं. पण आईनं तीन दिवस तांदूळ भिजवून केलेली वस्तू डोळ्यांदेखत कुणी तुडवावी, हे मला आजही पचलेलं नाही. तेव्हा तर मी मनात त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या.

पुढे थायलंडला गेलो तेव्हाही तेच. रस्त्यावरचा बर्फ घातलेला सरबताचा ग्लास मी तोंडाला लावला, तर त्यांनी खालून असा फटका मारला की ग्लास फुटून माझा ओठ कापला. "कुठल्या पान्याचा बर्फ हाय, इचारलंस का?" रस्ता ओलांडताना कुणी चुकीच्या बाजूला पाहिलं की मानगूट धरून मुंडी फिरवत. भाड्याच्या स्कूटरवर बसलेल्या एकाला त्यांनी गाडीसकट आडवा केला. आणि प्रत्येक मारामारीनंतर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "मरायचं तर गावात मर. हितून मड्याला बी कागद लागतेत."

तिसऱ्या दिवशी आम्ही समुद्रावर गेलो. किनाऱ्यावर लाल झेंडा होता. आमच्याकडे पाणी म्हणजे नदीचं, नाहीतर विहिरीचं. मी गोदावरीत पोहलेला गडी, त्यात दोन बिअर पोटात. गुडघाभर पाण्यात शिरलो, मग कमरेएवढ्या. पायाखालची वाळू सरकते आहे हे कळत होतं, पण मजा वाटत होती.

मागून केस धरले गेले. जमादार बूट-पँटसकट पाण्यात आले होते. त्यांनी मला फरफटत वाळूवर आणलं, छातीवर बसले आणि मारायला लागले. पुढचा दात पडला तो तिथेच. मीही काही हात बांधून घेतले नव्हते. वाळूची मूठ त्यांच्या डोळ्यांत घातली, कानशिलात दोन लावल्या, दंडाला कडकडून चावलो. शिट्ट्या वाजवत तिथले रक्षक धावले, आमची माणसं धावली. पाच जणांनी ओढलं तेव्हा ते उठले. अंगभर रक्त, माझं आणि त्यांचं. आणि तो आडदांड माणूस लटलट कापत होता.

"घरी गेल्यावर केस करतो तुमच्यावर," मी थुंकत म्हणालो.

"कर. घरी जा आन् मग कर," ते म्हणाले.

त्यांच्या दुकानाशेजारचे म्हातारे गुंडाअप्पा सहलीत होते. मला हॉटेलात नेऊन तोंड धुवायला लावलं आणि मग त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी जमादार पहिल्यांदा थायलंडला आले ते चुडाव्याच्या दाजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, सोबत घेऊन. तेव्हाही असाच झेंडा होता. जमादारांनी दाजींचा हात धरला होता. तो सुटला. आठ दिवसांनी पेटी चुडाव्याला आली. बहिणीनं साऱ्या गावासमोर भावाला पायातल्या चपलेनं मारलं. डोकं फुटलं तरी मारत राहिली. "नेलास तसा आणून दे," एवढंच म्हणत होती. जमादार मान खाली घालून उभे राहिले. तिचा हात दुखला तेव्हा ती थांबली. त्यानंतर ती भावाशी बोलली नाही, आणि त्यांनीही तोंड दाखवलं नाही.

मी केस केली नाही. दात बसवून घेतला. पुढल्या सहलीला पहिल्याच गिनतीत त्यांनी मला दोन गुद्दे घातले. "एक नव्या दाताचा," म्हणाले. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर जीव जडला, हे लिहायला आता लाज कसली?

शेवटची सहल गेल्या वर्षीची. परतलो तेव्हा हैदराबादच्या विमानतळावर त्यांनी सामानाच्या पट्ट्याजवळ गिनती घेतली आणि आम्ही बसमध्ये बसलो. सकाळी नांदेडच्या अलीकडे चहाला थांबलो. चढताना दारात पुन्हा गिनती. माझ्या पाठीवर गुद्दा पडला, पण तो लहान लेकराच्या हातचा वाटला.

"नाना, आज हातात जोर न्हाई. म्हातारे व्हायलात तुमी," मी चेष्टा केली.

"तेवीस," ते म्हणाले. "समदे हायेत. चला." कपाळावर घाम होता. मला तो उन्हाचा वाटला.

नांदेड आलं तरी ते जागेवरून उठले नाहीत. मी खांदा हलवला, मग गालावर मारलं, मग छातीवर बुक्क्या मारल्या. त्यांनी आयुष्यभर मला मारलं नसेल इतकं मी त्यांना मारलं. डॉक्टर म्हणाले, छातीचं दुखणं दोन-तीन दिवसांचं असणार. आमच्या गोळ्यांची पाकिटं तपासणाऱ्या माणसाच्या बॅगेत स्वतःसाठी एक गोळी नव्हती. तेवीस जणांत त्यांची बॅग उपडी करणारा कुणी निघाला नाही. त्यात मीही होतो.

पाथरीला चुडाव्याची बहीण आली. पायऱ्या चढतानाच तिनं मुठी आवळल्या होत्या. ती भावाच्या छातीवर तुटून पडली. धाडधाड मारत होती. बाया तिला ओढायला लागल्या, तेव्हा मी त्यांना अडवलं.

हात थकल्यावर तिनं वर पाहिलं.

"किती जण गेलते?"

"नानांना धरून चोवीस."

"आन् आले किती?"

जीभ त्या बसवलेल्या दातावर गेली.

"समदे आले, आक्का," मी म्हणालो. "चोवीसच्या चोवीस."