कळवल्याची खूण

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिच्यापाशी माझं सहसा काही लपून राहत नाही त्या मोताळ्याच्या मैत्रिणीलाही नाही. सांगायला बसले की मी भलतंच काहीतरी सांगते — कामाचा ताण, साहेबांचा स्वभाव. आताही तसंच करीन की काय, अशी मला माझीच शंका येते. तेवढी तुम्हीही ठेवा.

बुलढाण्यात एका ठेकेदाराच्या ऑफिसात मी कामांचं नियोजन बघायचे. शाळेच्या खोल्या, उपकेंद्रं, अशी आमची बांधकामं असायची. साहेबांनी हौसेनं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी. एक पट्टी पुढे सरकली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या आपोआप सरकायच्या. साइटवरच्या मिस्त्रींकडे मात्र ते नव्हतं. म्हणून नियम असा, की तारीख बदलली की मी मिस्त्रींना फोन करायचा आणि ‘कळवले’ या रकान्यात खूण करायची.

पण कॉम्प्युटर काही दिवसभर समोर नसतो. मग फोन करायची आठवण मी माझ्या मोबाइलमध्येच लावून ठेवायचे. तिथे आईची बीपीची गोळी, गॅसचा नंबर, लेकीचा गणवेश आणि मिस्त्रींचे फोन, सगळं एकाखाली एक. ऑफिसची यादी सगळे बघत होते. माझी यादी बघणारी मी एकटीच.

युनूसभाई आमचे सगळ्यात जुने मिस्त्री. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं कमी, हातात साधा बटणांचा फोन. रोहिणखेडच्या पुढे एका गावात शाळेच्या दोन खोल्या त्यांच्याकडे होत्या. आणि मला त्यांचा संशय यायचा — हेही सांगायलाच हवं. स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू ते लवकर काढतात आणि स्वतःच्या दुसऱ्या कामावर नेतात, असं कोणीतरी ऑफिसात बोललं होतं. कोण बोललं, ते आठवत नाही. मी मात्र एकदा साइटवर जाऊन त्यांच्या नकळत फळ्या मोजून आले होते. पुरेपूर भरल्या. तरी संशय गेला नाही. दुसऱ्या मिस्त्रींच्या फळ्या मी का मोजल्या नाहीत? याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. युनूसभाईंचं नाव युनूसभाई होतं.

त्या थंडीत त्यांनी स्लॅब भरला. चाचणीत काँक्रीट अजून कच्चं निघालं, म्हणून इंजिनिअरांनी टेकू काढायची तारीख आठवडाभर पुढे नेली. मी सॉफ्टवेअरमध्ये पट्टी सरकवली. मोबाइलमध्ये लिहिलं — युनूसभाईंना फोन, टेकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीत होते. एका हाताने वरचा दांडा धरलेला, खांद्यावर डबा. मोबाइल वाजला. गोळी, गॅस, फोन. तिन्हींवरून अंगठा फिरवला. झालं, झालं, झालं. गोळी आईने खरंच घेतली होती. गॅसचा नंबर मी ऑफिसात पोचल्यावर लावला. आणि तिसरं?

तिसरं मी केलंच नाही. ते यादीतून गेलं आणि माझ्या डोक्यातूनही गेलं.

युनूसभाईंनी जुन्या तारखेला टेकू काढले. स्लॅब मधोमध बसला, आडवी भेग गेली. खाली कोणी नव्हतं म्हणून कोणाला लागलं नाही. सगळा स्लॅब फोडावा लागला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा युनूसभाई अजून साइटवरून यायचे होते. साहेबांनी एवढंच विचारलं, “तू कळवलं होतं ना?”

मी “हो” म्हणाले.

विचार करायला वेळ मिळाला नाही, असं म्हणता आलं असतं. पण वेळ नंतर मिळाला. मी जागेवर येऊन बसले, सॉफ्टवेअर उघडलं आणि ‘कळवले’ समोर खूण केली. तारखेच्या जागी मागची तारीख हाताने टाकली. शेरा लिहिला — फोनवर सांगितले, हो म्हणाले. ते ‘हो म्हणाले’ कोणी लिहायला सांगितलं होतं मला?

दुपारी युनूसभाई आले. कपड्यांवर सिमेंटची धूळ तशीच.

“साहेब, मले फोन आलाच नाई,” ते म्हणाले, आणि त्यांनी आपला फोन टेबलावर ठेवला. “पाहून घ्या.”

साहेबांनी फोनला हातही लावला नाही. “त्यातलं पुसता येते,” ते म्हणाले, आणि कॉम्प्युटरची स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “इथं पाहा. इथं लिहेल आहे.”

माझा फोन कोणीच मागितला नाही.

युनूसभाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हे माझ्यावर उलटतील. मी तयारीतच बसले होते — दोन उत्तरं जुळवून ठेवली होती. पण ते टेबलावरचा फोन उचलून खिशात टाकत म्हणाले, “ताई कायले खोटं बोलतीन. केला असन फोन. माह्याच ध्यानात राह्यलं नसन.”

साहेबांनी त्यांना पुन्हा काम दिलं नाही.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद मागे राहायची, आणि ती मला पुसता येत नव्हती. तिथे खरी वेळ होती. स्लॅब बसल्यानंतरची. त्या दिवसापासून मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. बाजूचा ऑपरेटर माझ्या स्क्रीनकडे का बघतो? साहेब आज हसले का नाहीत? मी टेबल भिंतीकडे फिरवून घेतलं. कोणी ‘जुनी नोंद’ असा शब्द काढला तरी मी समोरचं पान बंद करायचे. दोन वर्षं मी अशी काढली आणि मग नोकरी बदलली. ती नोंद कोणीही कधीच उघडली नाही. स्क्रीनवर लिहिलेलं होतं, तेवढं सगळ्यांना पुरलं.

त्या दोन वर्षांत एकदा मी युनूसभाईंच्या घरी गेले. विचारपूस करायला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यांना काही कळलंय का, ते बघायला गेले होते.

त्यांना काही कळलं नव्हतं. त्यांच्या मुलीने त्यांना नवा मोबाइल पाठवला होता. तो माझ्यासमोर धरून ते म्हणाले, “ताई, तुमच्या फोनमधी ते आठवण देऊन वाजते ना, तसं माह्यात लावून द्या. काही भरोसा नाई राह्यला माह्या डोक्याचा.”

मी खाटेवर बसले आणि लावून दिलं. दाराला कुलूप. गॅस बंद. गोळी. नळ. ते एकेक सांगत गेले, मी लिहीत गेले. त्यांच्या बायकोने, जमीलाभाभींनी, चहा आणला. तो मी प्यायले. सांगायला याहून सोपी जागा मला मिळणार नव्हती, हे तिथे बसल्या बसल्या कळत होतं. सांगितलं नाही.

यंदा मोताळ्याच्या स्टँडवर ते दोघं दिसले. मी वळणारच होते, पण युनूसभाईंनीच हाक मारली. धामणगाव बढ्याच्या रस्त्यावर एकदा साइटवर जाताना माझी गाडी पंक्चर झाली होती ते त्यांना आठवत होतं. कोणत्या वळणावर, तेही. लेकीचं नाव आठवत होतं. ती आता कितवीत असेल, तेही त्यांनी बरोबर सांगितलं.

जमीलाभाभींनी त्यांचा दंड धरून ठेवला होता. “आता एकटं नाई सोडत मी त्याइले कुठी,” त्या मला हळूच म्हणाल्या. “काम बंदच केलं. इसरून जातेत.”

ते काहीही विसरले नव्हते. मी मान हलवली. त्यांची एसटी आली, भाभींनी त्यांना आधी चढवलं, मग त्या चढल्या.