एका त्रिकोणाचे दोन तुकडे

पालकसभेत मी मुलीच्या देखत तिच्या गणिताच्या मॅडमना म्हणालो, "हिला गणित जमत नाही. अकरावीला सोडायचंच आहे. दहावीपुरतं निभावून न्या."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. खांदा कॉलनीतल्या घरी परतताना स्कूटरवर ती मला न धरता मागची दांडी धरून बसली. गणित सोडायचं हे तिला विचारून ठरलेलं नव्हतं. मॅडमच तसं काही बोलतील या भीतीने मी आधीच बोलून मोकळा झालो होतो. माझी लाज वाचावी म्हणून मी तिला कमी ठरवलं, हे मला घरी पोहोचेपर्यंत कळलं होतं. पण ते तिला सांगायचं धाडस झालं नाही.

त्याऐवजी मी तिची पुस्तकं उघडली. ती शिकते तरी काय, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. बीजगणितात जीएसटी आणि शेअर्स भेटले तेव्हा मी चकितच झालो. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. कितीतरी उदाहरणांत उत्तराच्या ओळी आधीच छापलेल्या, मधे मधे रिकाम्या चौकटी, आणि त्या भरायच्या. भूमितीत मात्र एक जुनी ओळख निघाली: काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग बरोबर इतर दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. ती सिद्धता मला अजून तोंडपाठ होती. मी उत्साहाने तिला हाक मारली.

"पक्ष: त्रिकोण ABC मध्ये कोन B काटकोन," मी सुरू केलं. "रचना: B मधून कर्णावर लंब BD..."

तिने त्रिकोण काढला, पण काटकोन वरच्या टोकाला आणि अक्षरं M, K, T. "आता सांग."

मी अडकलो. कोणता त्रिकोण कोणाशी समरूप, काही सुचेना.

"बाबा, तुला येत नाहीये. तुला पाठ आहे."

"पाठ आहे म्हणजेच येतं."

"मग हा लंब काढलाच कशाला?"

तो का काढतात, हे मी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं. लंब काढला की मार्क मिळत, एवढंच मला ठाऊक.

तिने माझ्या नव्या शर्टाच्या घडीतला पुठ्ठा काढून दोन सारखे काटकोन त्रिकोण कापले. एक तसाच ठेवला, दुसरा त्या लंबावर कापला. दोन तुकडे झाले. ते उलटेपालटे करून ती अख्ख्या त्रिकोणाच्या कोपऱ्यांत बसवत राहिली. कोन नेमके जुळत होते.

"तिघांचा आकार एकच आहे," ती म्हणाली. "आणि हे दोघं मिळून हा मोठा."

"होणारच. त्याच्याच जोडीच्या त्रिकोणाचे तर हे तुकडे."

"अरे, ऐक ना. आकार एक असला की क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, हे आधीच्या धड्यात आहे. ह्या तुकड्याचा कर्ण म्हणजे मोठ्याची ही बाजू, त्या तुकड्याचा कर्ण म्हणजे ती बाजू. दोन क्षेत्रफळं मिळून मोठं क्षेत्रफळ, मग दोन वर्ग मिळून मोठा वर्ग. झालं की!"

ती जेवायला उठली तरी मी तुकडे फिरवत बसलो. जिला मी मठ्ठ समजत होतो, ती 'का' कळल्याशिवाय पुढे सरकत नव्हती, एवढंच होतं.

"पेपरात हे लिहू का?" तिने आतून विचारलं.

'नको, पुस्तकातलंच लिही' हे अगदी ओठांवर आलं होतं. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "मॅडमना विचारू या."

दुसऱ्या दिवशी शाळेत मॅडमनी तुकडे टेबलावर मांडले. मी म्हणालो, "मॅडम, हे तिचं तिनेच शोधलंय. आणि त्या दिवशी मी गणित सोडण्याबद्दल बोललो, ते तिला न विचारता बोललो. चुकलं माझं."

"थांबा हो जरा," मॅडम तुकड्यांवरून नजर न काढता म्हणाल्या. मग तिला म्हणाल्या, "छान आहे. पण तिन्ही समरूप का, ते कोनांवरून लिहून दाखवायचं. पुठ्ठा काही उत्तरपत्रिकेला जोडता येत नाही. सिद्धता पूर्ण असेल तर मार्क मिळतात."

बाहेर स्कूटरपाशी मुलगी म्हणाली, "एवढं मॅडमसमोर बोलायची काय गरज होती? किती ऑकवर्ड!"

"त्यांच्यासमोरच बोललो होतो ना."

ती हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिली. "अकरावीला घेऊन बघते गणित. पण नाही जमलं तर सोडेन. तेव्हा 'मी म्हटलंच होतं' असं म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"आणि जमलं तर 'माझी मुलगी' म्हणून सोसायटीभर सांगत फिरायचं नाही."

याला मात्र मी लगेच हो म्हणू शकलो नाही. ती हसली आणि मागे बसली.