पेटीचा तळ

भांडार सांभाळणाऱ्या सुभेदारानं मला आणि माझ्या तीस जवानांना फसवलं. सीमेवर निघायला चार दिवस उरले होते. मी नवा लेफ्टनंट, संभाजीनगरच्या उन्हात जवानांकडून जखमेवर पट्टी बांधायचा सराव करून घेत होतो. सोबत न्यायच्या पट्ट्यांची पेटी सुभेदारानं उघडून दाखवली. वरचा थर पांढराशुभ्र होता.

फौजेत येण्याआधी मी कन्नडच्या बाजारात टोमॅटो विकायचो. चांगले वर, डागाळलेले खाली, हे मी स्वतः केलंय. म्हणून थेट तळाशी हात घातला. बोटांना ओली बुरशी लागली. पाकिटं उंदरांनी कुरतडलेली, कापूस पिवळा पडलेला, आणि सगळ्याला कुबट वास.

"हे काय, सुभेदारसाहेब?"

"साहेब, तपासणीला वरचंच बघतात. लई वर्षं असंच चालतंय. तुम्ही नवीन आहात."

"मग गोळी लागलेल्यानं वरची पट्टी मिळावी म्हणून आधी नंबर लावायचा का?"

त्यानं हसत पेटीवरचा कागद पुढे केला. त्यावर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याची 'तपासले' अशी सही आधीच होती. मी अख्खं भांडार डोक्यावर घेतलं, तेव्हा सुभेदार नवी पेटी देतो म्हणाला. निघायच्या दिवशी ट्रकमध्ये तीच पेटी चढवलेली सापडली.

माझा सडका टोमॅटो गिऱ्हाईक पुढच्या बाजाराच्या दिवशी तोंडावर आणून फेकायचं. या पेटीचं गिऱ्हाईक कदाचित परतच येणार नाही. सही करणाऱ्यानं माझ्यासमोर तिच्या तळात हात घालावा आणि सांगावं, ही पट्टी तो स्वतःच्या पोराच्या जखमेवर बांधेल का?